मायरिंगन: गाडी दिशा बदलते तिथे उतरा

ल्युसर्नहून इंटरलाकेनला जाणारी गाडी ब्रुनिग घाट उतरून एका लहान स्टेशनात शिरते, काही मिनिटं थांबते आणि ज्या बाजूने आत आली त्याच बाजूने बाहेर पडते. सरळ बसलेले सगळे उलटे होतात. डब्यात जरा कुजबुज होते, कोणीतरी जागा बदलतं आणि गाडी ब्रीन्झच्या तळ्याकडे निघते. ते स्टेशन म्हणजे मायरिंगन. ल्युसर्न झालं, टिटलिस झालं, उद्या युंगफ्राउयोख, अशी आपल्याकडच्या सहलींची आखणी असते आणि मायरिंगन त्यात खिडकीतून दिसण्यापुरतंच उरतं.

हा लेख या गावात उतरायचं ठरवणाऱ्यांसाठी आहे. बर्न परगण्यातल्या हासली खोऱ्यातलं हे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 595 मीटरवर, म्हणजे आपल्या माथेरानपेक्षाही खाली आहे. पण चहूबाजूंनी घाट आहेत: उत्तरेला ब्रुनिग, पूर्वेला सुस्टेन, दक्षिणेला ग्रिमसेल आणि नैर्ऋत्येला ग्रोसे शायडेग. मधून आरे नदी वाहते. इथे पाहण्यासारखं जे आहे ते जवळजवळ सगळं पाण्याने, बर्फाने आणि या घाटवाटांनी घडवलेलं आहे. म्हणून ठिकाणांची यादी घेऊन फिरण्यापेक्षा पाण्याच्या मागोमाग जावं. खाली गावातून सुरुवात करून वर हिमनदीपर्यंत पोहोचावं आणि शेवटी तेच पाणी तळ्यात शांत झालेलं पाहावं. त्यासाठी चार दिवस हवेत. तीन असतील तर काय गाळायचं तेही पुढे सांगतो.

आधी महिना ठरवा

आपल्याकडची पहिली अडचण म्हणजे मे महिन्याची सुट्टी. मुलांच्या परीक्षा संपतात, माणसं निघतात, पण आल्प्समधला मे हा अर्धा हिवाळाच असतो. खालच्या खोऱ्यात सफरचंदं फुललेली असतात आणि त्याच वेळी ग्रिमसेल आणि सुस्टेनचे रस्ते बर्फाखाली बंद असतात. हे घाट साधारण मे-अखेर ते जूनमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरात पुन्हा बंद होतात. ज्या वर्षी बर्फ जास्त, त्या वर्षी उशीर.

मे मध्येच जायचं असेल तर नाउमेद होऊ नका. आरेची घळ एप्रिलपासून खुली असते, रायखेनबाख धबधब्याकडे चढणारी डोंगरगाडी मे मध्ये सुरू होते, आणि धबधब्यांचं खरं वैभव तर मे-जूनमध्येच पाहावं. आपल्याकडचे धबधबे पावसावर जगतात, तर इथले वितळणाऱ्या बर्फावर. चार दिवस कडक ऊन पडलं की इथे पाणी वाढतं, हे आपल्या डोक्याला पटायला वेळ लागतो. तुम्हाला घाट, हिमनदी आणि उंचावरची तळी हवी असतील तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबर-अखेरपर्यंतचा काळ धरा. माझी पसंती सप्टेंबरला: गर्दी ओसरलेली, हवा स्वच्छ आणि सगळे रस्ते उघडे. धबधबे तेव्हा थोडे बारीक झालेले असतात, ते मान्य करून जावं.

निघायच्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणाचं चालू वेळापत्रक तपासा. डोंगरातल्या गाड्या, पाळणे (केबल कार) आणि घळी दुरुस्तीसाठी किंवा दरड कोसळल्यामुळे अख्खा हंगामही बंद राहू शकतात.

मुक्काम, पास आणि पिशवीत काय

इंटरलाकेन ओस्टहून मायरिंगन साधारण अर्ध्या-पाऊण तासावर आहे, ल्युसर्नहून सव्वा तासाच्या आसपास. बहुतेक लोक इंटरलाकेनला राहून इथे एका दिवसासाठी येतात. मला ते पटत नाही. सकाळी नऊच्या आत घळीत शिरणं आणि संध्याकाळी शेवटच्या बसने घाटातून खाली येणं, हे दोन्ही इथे राहिल्याशिवाय जमत नाही. स्टेशनच्या आसपास पायी अंतरावर खोली घ्या, कारण गाडी आणि बस दोन्ही तिथूनच सुटतात.

स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने मिळालं तर उत्तम. पण इथे मराठी घरांतून हमखास होणाऱ्या चुकीबद्दल सांगायला हवं. भारतातून स्वित्झर्लंडमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवा. ताजी फळंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे मे मध्ये नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह आवरा. भाजणी, मेतकूट, पोहे, मसाले, शेंगदाण्याची चटणी यांना हरकत नसते. गावात मोठी दुकानं आहेत, पण रविवारी बहुतेक बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच भरून ठेवा. नळाचं पाणी पिण्याचंच असतं. गावोगावच्या दगडी हौदांतलंही, जिथे पिऊ नये अशी पाटी नसेल तिथे, बिनधास्त बाटलीत भरतात.

स्विस ट्रॅव्हल पास असेल तर मायरिंगनची रेल्वे आणि तळ्यावरच्या बोटी त्यात येतात. घळीचं तिकीट, रायखेनबाखची डोंगरगाडी, वरच्या पाळण्यांची तिकिटं यांचा हिशोब वेगळा. काही ठिकाणी पासवर सवलत मिळते, काही ठिकाणी दोन स्थळांचं एकत्र तिकीट असतं, म्हणून खिडकीवर विचारायचंच. स्टेशनजवळच्या पर्यटक कार्यालयात हे सगळं एका फेरीत समजतं.

पिशवीत रोज तीन गोष्टी हव्यात: वारा अडवणारं जाकीट, घट्ट पकड असलेले बूट आणि टोपी. ऐन जुलैतही घळीत आणि धबधब्याजवळ गारठा असतो. साडी किंवा सलवार नेसून फिरणाऱ्या आई-मावश्यांना पायात मात्र बूटच घालायला लावा; ओल्या फळ्यांवर चपला सटकतात.

पहिला दिवस: गाव आणि रायखेनबाख

सकाळ गावासाठी ठेवा. पहिल्यांदा जाणवतं ते असं की आल्प्समधल्या गावांच्या चित्रात असतात तशी काळपट लाकडी घरं इथे मध्यवस्तीत फारशी दिसत नाहीत. रस्ते सरळ, इमारती दगडी. याचं कारण आग. 1879 आणि 1891 अशा दोन आगींत गाव जळलं, आणि दोन्ही वेळी आग पसरवली ती फ्योन नावाच्या वाऱ्याने. दक्षिणेकडून येणारी हवा आपली ओल पर्वताच्या पलीकडच्या उतारावर टाकून येते आणि अलीकडे खाली घसरताना दर शंभर मीटरला साधारण एक अंशाने तापत जाते. ती हासली खोऱ्यात पोहोचते तेव्हा कोरडी, गरम आणि बेफाम झालेली असते. लाकडी गावात अशा वाऱ्यात चुलीतली एक ठिणगी पुरे होती. तुमच्या मुक्कामात अचानक आकाश काचेसारखं स्वच्छ झालं, समोरचे डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखे वाटले आणि डोकं जड झालं, तर तो फ्योन समजा. त्या दिवशी उंचावरचे पाळणे बंद राहू शकतात.

स्टेशनवरून पंधरा मिनिटं चालून सेंट मायकेलच्या चर्चकडे जा. घंटेचा मनोरा चर्चपासून सुटा, वेगळा उभा आहे. पण खरी गोष्ट जमिनीखाली आहे. मागच्या कड्यावरून आल्पबाख नावाचा ओढा उतरतो आणि तो शतकानुशतकं दगडगोटे घेऊन चर्चवर येत राहिला. एक चर्च गाडलं गेलं की लोकांनी त्याच्याच डोक्यावर दुसरं बांधलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन झालं तेव्हा जुन्या भिंती एकावर एक सापडल्या. आज पायऱ्या उतरून त्या पाहता येतात. ओढ्याशी न भांडता आणि जागाही न सोडता इतकी वर्षं राहिलेल्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. शेजारीच खोऱ्याचं लहान संग्रहालय आहे. थोडं वर गेलात तर रेस्टी नावाच्या मध्ययुगीन गढीचा बुरूज उभा आहे. हे खोरं 1334 मध्ये बर्नच्या ताब्यात जाण्याआधी थेट पवित्र रोमन सम्राटाच्या अखत्यारीत होतं, आणि त्याचा जुना गरुड अजून इथल्या चिन्हावर आहे.

मग वळा शेरलॉक होम्सकडे. 1893 मध्ये आर्थर कॉनन डॉइल इथे आला. आपल्या गुप्तहेराला कुठे मारावं हे तो शोधत होता आणि रायखेनबाख पाहिल्यावर त्याचा शोध संपला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात छापून आलेल्या कथेत होम्स आणि प्राध्यापक मोरियार्टी 4 मे 1891 रोजी या धबधब्याच्या कड्यावर एकमेकांना भिडतात. कथेत होम्स आणि त्याचा मित्र वॉटसन गावात उतरतात, तिथे त्या वेळचं गाव आहे असं आपण वाचताना धरून चालतो. पण डॉइल आला तेव्हा ते गाव राहिलं नव्हतं. 1891 च्याच ऑक्टोबरात ते जळालं होतं. कथेतला मे महिना त्या जुन्या गावाचा शेवटचा वसंत ठरतो.

गावातल्या जुन्या इंग्लिश चर्चच्या तळघरात 1991 पासून होम्सचं संग्रहालय आहे. बाहेर 1988 साली बसवलेला त्याचा कांस्य पुतळा दगडावर बसलेला आहे. शिल्पकार जॉन डबलडेने त्यात सगळ्या साठही कथांच्या खुणा दडवल्या आहेत. बरोबर वाचणारी मुलं असतील तर इथे अर्धा तास सहज जातो.

दुपारी नदी ओलांडून विलिगेनकडे निघा. स्टेशनपासून वीस-पंचवीस मिनिटांत रायखेनबाखच्या डोंगरगाडीचं खालचं स्थानक येतं. ही गाडी 1899 पासून चालते. डबे जुन्या धर्तीचे, लाकडी, बाजूंनी उघडे. 714 मीटरच्या रुळांवर ती 244 मीटर चढते आणि मध्येच खालच्या धबधब्यांवरून जाते. वर उतरलात की समोर वरचा रायखेनबाख, सुमारे 120 मीटरची एकच उडी. सगळ्या टप्प्यांची मिळून उंची अडीचशे मीटरच्या घरात आहे. पलीकडच्या कड्यावर एक पांढरा तारा रंगवलेला दिसेल. कथेतली झुंज तिथली.

बहुतेक लोक फोटो काढून पुढच्या गाडीने खाली येतात. तुमचे पाय साथ देत असतील तर तसं करू नका. स्थानकापासून पायवाट वळणं घेत धबधब्याच्या माथ्यावर जाते, पूल ओलांडते आणि पलीकडच्या अंगाने त्या ताऱ्यापाशी उतरते. तिथे पोहोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. वाट अरुंद आणि ओली असते, लहान मुलांचा हात सोडू नका. समोरून पाहताना धबधबा चित्रासारखा दिसतो. विल्यम टर्नरने 1804 मध्ये तो रंगवला तोही असाच, अंतर ठेवून. ताऱ्यापाशी उभं राहिल्यावर मात्र आवाज छातीत घुमतो, तुषार खालून वर उडतात आणि दोन माणसं इथे एकमेकांना पकडून गेली तर काय होईल हे न वाचताही कळतं. तिथून पिवळ्या पाट्या पाहत पायी खाली उतरता येतं.

संध्याकाळी मिठाईच्या दुकानात जा. मेरिंग हा पांढरा, कुरकुरीत, तोंडात विरघळणारा पदार्थ आपल्या गावात जन्मला, नावही गावावरूनच पडलं, असं मायरिंगनकर सांगतात. गास्पारिनी नावाच्या इटालियन हलवायाने तो केला अशी आख्यायिका आहे. पुरावे आगीत गेले असं गावकरी म्हणतात, आणि फ्रेंचांचा दावा वेगळा आहे. साईसोबत खायचा असतो. एक लक्षात ठेवा, मेरिंग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि साखर. दिसायला बत्ताशासारखा असला तरी घरातल्या शाकाहारी माणसांना आधी सांगा.

दुसरा दिवस: घळीतून घाटाकडे

हा दिवस सगळ्यांत समृद्ध आहे, त्यामुळे लवकर निघा. मायरिंगन आणि वरचं इन्नर्टकिर्खेन यांच्यामध्ये किर्खेट नावाची चुनखडकाची आडवी भिंत आहे. खोरं इथे बंदच व्हायला हवं होतं. पण हिमयुगांत हिमनद्यांच्या पोटातून वाहणाऱ्या पाण्याने आणि नंतर आरेने ती भिंत चिरली. ती चीर म्हणजे आरेश्लुख्त, आरेची घळ: 1.4 किलोमीटर लांब, काही ठिकाणी 180 मीटर खोल आणि सर्वांत अरुंद जागी जेमतेम एक मीटर रुंद. 1888 पासून कड्याला बिलगून बांधलेल्या लाकडी फळ्यांवरून माणसं तिथे चालतात.

पश्चिमेच्या दारातून आत शिरा. गावातून अर्धा तास चालत किंवा इन्नर्टकिर्खेनच्या छोट्या गाडीने तिथे जाता येतं. सकाळी साडेआठ-नऊला आत असाल तर अरुंद भाग तुम्हाला एकट्याला मिळतो. कडे इतके जवळ येतात की आकाशाची नुसती फीत उरते, आणि खाली पाणी दुधाळ हिरवं दिसतं. घाई करू नका आणि भिंतींकडे नीट पाहा. गुळगुळीत, गोल, हंड्यासारखे कोरलेले कोनाडे दिसतील. ज्यांनी कुकडी नदीवरचे निघोजचे रांजणखळगे पाहिले आहेत त्यांना ओळख लगेच पटेल. काम तेच: भोवऱ्यात सापडलेला गोटा वर्षानुवर्षं गरगरत खडक खरवडतो. निघोजला तो बेसॉल्ट आहे आणि रांजण पायाखाली, जमिनीत आहेत. इथे चुनखडक आहे आणि नदी खाली-खाली उतरत गेल्यामुळे जुने रांजण अर्धे कापले जाऊन डोक्यावरच्या भिंतीत उरले आहेत. वर जितक्या उंचीवर असा कोनाडा दिसेल, तिथे एकेकाळी नदीचा तळ होता. हे एकदा कळलं की घळ नुसती भव्य वाटत नाही, ती वाचता येते.

याच घळीत टाट्सेलवुर्म नावाचा आखूड पायांचा सरपटणारा प्राणी राहतो अशी इथली दंतकथा आहे. मुलांना सांगा, ती चालण्याचा कंटाळा करणार नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा बाबागाडी असणाऱ्यांनी अर्ध्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परतावं. पूर्वेच्या टोकाला पायऱ्या आहेत. इतरांनी पूर्वेला बाहेर पडावं, झुलता पूल ओलांडावा आणि तिथल्या थांब्यावर गाडीची वाट पाहावी. हा थांबा बोगद्याच्या आत, खडकात आहे. गाडी आली की दार उघडतं आणि थेट डब्यात पाऊल पडतं.

इन्नर्टकिर्खेनला ग्रिमसेलची बस पकडा. वेळ आधीच मोबाइलवर पाहून ठेवा. दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात आणि उन्हाळी शनिवार-रविवारी जागा भरतात. वाटेत हांडेगला उतरा. इथे आरे ग्रॅनाइटवरून कोसळते आणि घळीवर झुलता पूल आहे. आसपासचे कातळ हत्तीच्या पाठीसारखे गोल आणि घासून चकचकीत झालेले दिसतील, ती हिमनदीची करणी. या उतारांवर जुन्या खेचरवाटेचे अवशेष आहेत, कातळात खोदलेल्या पायऱ्याही. शतकानुशतकं इथून स्ब्रिन्झ नावाचं टणक चीज खेचरांच्या पाठीवर लादून इटलीतल्या दोमोदोस्सोलाला जायचं, आणि येताना वाइन, तांदूळ, मसाले यायचे. नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण पाहिलेल्या माणसाला हे काही परकं वाटायला नको. कोकणातून देशावर जशी वाट, तशी ही.

वरची ग्रिमसेल धर्मशाळा लिखित नोंदीत 1142 सालीच येते. आज तिथे धरणाच्या काठी हॉटेल आहे, जुनी इमारत जलाशयाखाली गेली. या पाण्याच्या वरच्या अंगाला उंटरआर हिमनदी आहे. 1840 च्या दशकात लुई आगासी हा शास्त्रज्ञ सहकाऱ्यांना घेऊन तिच्यावर एका मोठ्या शिळेच्या आडोशाला राहिला आणि बर्फ वाहतो कसा हे मोजत बसला. हिमयुग होऊन गेलं हे जगाला पटवण्यात त्या मुक्कामाचा मोठा वाटा आहे. सकाळी तुम्ही घळीत पाहिलेलं पाणी इथून निघतं. शक्य असेल तर खिंडीपर्यंत, 2164 मीटरवर जाऊन मग परत फिरा.

हांडेगजवळच गेल्मरबान आहे. 1920 च्या दशकात धरणाचं सामान चढवायला बांधलेली ही रुळगाडी 2001 पासून प्रवाशांसाठी खुली झाली. तिचा चढ 106 टक्के, म्हणजे पंचेचाळीस अंशांहून जास्त, आणि बाकं उघडी. वर गेल्मरचं तळं आहे, त्याला फेरी मारायला दोन तास लागतात. गाडी चालू आहे का हे आधी तपासा आणि चालू असेल तर आरक्षण करूनच जा. ऐनवेळी तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका. घळ, धर्मशाळा आणि गेल्मर एकाच दिवसात कोंबण्याचा प्रयत्न केलात तर तिन्हींचा विचका होईल.

ग्रिमसेल परिसरातल्या नद्यांवर वीजनिर्मिती चालते. पात्रात उतरू नका अशा इशाऱ्याच्या पाट्या असतात. वरून पाणी सोडलं की कोरडं पात्र काही मिनिटांत भरतं. आपल्याकडे धरणाखाली दरवर्षी जे घडतं ते इथेही घडू शकतं, म्हणून फोटोसाठीही खाली जाऊ नका.

तिसरा दिवस: रोझेनलौई

कथेत होम्स त्या दिवशी डोंगर ओलांडून रोझेनलौईला मुक्काम करणार होता. तो पोहोचला नाही, तुम्ही पोहोचा. मायरिंगनहून पिवळी पोस्टाची बस अरुंद रस्त्याने चढते आणि वळणावर भोंगा वाजवते. पाऊण तासाच्या आत 1328 मीटरवरच्या रोझेनलौईला उतरा. तिथे घनदाट झाडीत एक जुनं हॉटेल आहे आणि मागे एंगेलहॉर्नरचे सुळके.

इथली हिमनदीची घळ आरेपेक्षा लहान, पण चढती आणि जास्त ओली. बोगदे, पायऱ्या, कातळातून खोदलेली वाट. पाऊण तास पुरतो. फरक अनुभवण्यासाठी आरेनंतर दुसऱ्या दिवशी इथे यावं. तिथली घळ जुनी आणि शांत झालेली, इथली अजून कोरली जाते आहे. जॉन ब्रेट या इंग्रज चित्रकाराने 1856 मध्ये रोझेनलौईची हिमनदी दगडान् दगड रंगवली. त्या वेळी बर्फ बराच खाली होता. आज तो वर सरकलाय. घळीतून बाहेर आल्यावर वर पाहिलंत की अंतर कळतं.

पुढची बस श्वार्झवाल्डआल्पवरून ग्रोसे शायडेगला, 1962 मीटरवर जाते. वरच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे शांतता टिकून आहे. खिंडीत उतरल्यावर डोक्यावर वेटरहॉर्नची 3692 मीटरची भिंत उभी राहते, अगदी मान मोडेल इतकी जवळ. तिथून फर्स्ट नावाच्या ठिकाणापर्यंत दीड तासाची सोपी, बरीचशी सपाट वाट आहे. मग पाळण्याने ग्रिंडेलवाल्ड आणि रेल्वेने इंटरलाकेनमार्गे परत. बरोबर वयस्कर माणसं असतील तर खिंडीत चहा घेऊन त्याच बसने परतणंही तितकंच सुंदर आहे.

पायात दम असणाऱ्यांसाठी या दिवसाला पर्याय आहे ट्रिफ्टचा. सुस्टेनच्या रस्त्यावरून लहान पाळण्याने वर जायचं, मग दीड तास चढ, आणि समोर 170 मीटर लांब झुलता पूल, खाली शंभर मीटरची पोकळी. पूर्वी गिर्यारोहकांच्या झोपडीकडे जाताना हिमनदीच्या जिभेवरून चालत पलीकडे जायचे. बर्फ मागे हटला, तिथे तळं झालं आणि वाट तुटली. म्हणून 2004 मध्ये पूल बांधावा लागला, 2009 मध्ये त्याच्या जागी आताचा. उंचीची भीती असेल तर जाऊ नका आणि कोणाला आग्रहही करू नका.

वाटांबद्दल: नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, तिथे बूट आणि सवय हवी. पांढरा-निळा-पांढरा दिसला की मागे फिरा, तो गिर्यारोहकांचा प्रांत आहे. पाट्यांवर किलोमीटर नसून वेळ लिहिलेली असते, आणि ती इथल्या लोकांच्या चालीची. आपण सव्वापट-दीडपट धरावी. डोंगरात अपघात झाल्यास 1414 हा हवाई मदतीचा क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी 144.

चौथा दिवस: तळ्याकाठी

तीनच दिवस असतील तर हा गाळा, कारण ब्रीन्झ इंटरलाकेनहूनही सोपं आहे. असेल तर सकाळी बालेनबर्ग. 1978 मध्ये उघडलेल्या या खुल्या संग्रहालयात देशभरातली शंभराहून जास्त जुनी घरं मूळ जागेवरून उतरवून, तुकडा तुकडा आणून पुन्हा उभी केली आहेत. चुली पेटतात, जनावरं चरतात, कारागीर काम करतात. तीन-चार तास लागतात. मायरिंगनमध्ये जळून गेलेलं लाकडी जग कसं असेल याचा अंदाज मला इथेच आला, म्हणून हे शेवटी पाहावं.

ब्रीन्झ गावात लाकूड कोरणाऱ्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे, कोरीवकामाची शाळाही. रोटहॉर्न शिखरावर जाणारी 1892 ची दातेरी वाफेची गाडी हवी असेल तर बालेनबर्ग सोडावं लागेल. स्वच्छ दिवस असेल तर मी रोटहॉर्न घेईन, ढगाळ असेल तर बालेनबर्ग.

दुपारी बोटीने गीसबाख धबधब्याकडे जा. तळ्याचा तो अंगावर येणारा निळा-हिरवा रंग म्हणजे हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचं पीठ. ग्रिमसेलवर चकाकलेल्या ग्रॅनाइटची ती भुकटी, आरेने आणून इथे मोकळी केलेली. बोटीतून उतरल्यावर 1879 ची लहान रुळगाडी हॉटेलपर्यंत नेते. तिच्यामागे चौदा टप्प्यांनी, सुमारे पाचशे मीटर उतरणारा गीसबाख. एका टप्प्याच्या पाठीमागून चालत जाता येतं. हे भव्य जुनं हॉटेल पाडायची वेळ आली होती, तेव्हा पर्यावरणवादी फ्रान्झ वेबरने 1983 मध्ये लोकवर्गणीतून ते वाचवलं. शेवटची बोट किती वाजता आहे हे उतरतानाच फलकावर पाहून ठेवा.

पाचव्या सकाळी ल्युसर्नची गाडी घ्याल तेव्हा प्रवासाच्या दिशेने तोंड करून डावी खिडकी धरा. गाडी स्टेशनातून पश्चिमेला निघते, दातेरी रुळांवर चढायला लागते आणि खोरं खाली पसरत जातं. सरळ केलेली आरे, विमानतळाची धावपट्टी, समोरच्या कड्यावर ओल्ट्शीबाख धबधब्याची पांढरी रेघ. मग झाडी येते.